कानामागून आले

छंदांचे ढोबळमानानं दोन प्रकार पडतात. एक चारचौघांना दाखवण्यासारखे आणि दुसरे चारचौघांपासून लपवण्यासारखे. पोस्टाची तिकिटं, जुनी नाणी, काड्यापेट्यांवरची चित्रं हे झाले पहिल्या प्रकारातले. पाहुण्यांनी उठायचं नाव काढलं नाही की आल्बम काढावा, पाहुणे उठतात. दुसऱ्या प्रकारात रमी, घोडे वगैरे मंडळी येतात. माझा छंद या दोन्ही खात्यांत जमा होत नाही. तो लपवण्यासारखा नाही; पण दाखवताही येत नाही. कारण बाहेरून बघणाऱ्याला एवढंच दिसतं की चाळिशी उलटलेला एक गृहस्थ कानांवर दोन वाट्या लावून, डोळे मिटून खुर्चीत बसला आहे.

"काय करताहेत हो तुमचे हे?" शेजारच्या वहिनी विचारतात.

"तुलना," आमची ही सांगते. "एका हेडफोनची दुसऱ्या हेडफोनशी. रविवारी अँप्लिफायरची असते."

यावर वहिनी ज्या नजरेनं माझ्याकडे बघतात, ती नजर मी बँकेत ओळखायला शिकलो आहे. मयताच्या वारसाला कागदपत्रांची यादी देताना आम्ही तसंच बघतो.

वास्तविक या छंदाला चांगलं खानदान आहे. अमेरिकेत युटामधल्या नॅथनिएल बाल्डविन या गृहस्थांनी १९१० साली अमेरिकन नौदलाला हेडफोन पुरवले, ते म्हणे स्वतःच्या घरात, स्वयंपाकघराच्या टेबलावर जोडून. (हे मी आमच्या हिला मुद्दाम सांगितलं. "त्यांच्या बायकोचं काय म्हणणं होतं?" एवढंच तिनं विचारलं.) पुढे १९५८ साली मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी संगीत ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन बाजारात आणला आणि १९७९ साली जपानहून वॉकमन आला. तेव्हापासून 'जरा ऐकतोस का?' हा प्रश्न जगभरच्या घरांतून दोनदा विचारावा लागतो.

माझ्याकडे तीन हेडफोन आणि दोन अँप्लिफायर आहेत. म्हणजे सहा जोड्या. मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे त्यांची रीतसर खतावणी ठेवली आहे. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत कुणी "साहेब, आवाज मस्त आहे" म्हणालं तर आम्ही हौशी लोक हुरळत नाही. आम्ही आधी विचारतो, "ओहम किती?" ओहम म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा. फोनला जोडायची ती बोटभर वायर साधारण एक व्होल्ट देते असं धरा. व्होल्टचा वर्ग करायचा आणि ओहमनं भागायचं. ३२ ओहमच्या साध्या हेडफोनला ३१ मिलिवॉट मिळतात. तेच ३०० ओहमच्या हेडफोनला जेमतेम तीन. माझा सेनहायझरचा एचडी ६०० हा ३०० ओहमवाला. मॉडेल १९९७ सालचं, स्वभाव आमच्या जुन्या हेडकॅशियरांसारखा : काम चोख, पण वरून दाब आल्याखेरीज हलायचं नाही. तो दाब देण्यासाठी अँप्लिफायर.

मग सुरू होते तुलना. आमच्या या धंद्याची भाषा तुम्ही ऐकाल तर एखाद्या सुगरणीच्या पंगतीला बसल्याचा भास होईल. हा आवाज 'उबदार', तो 'कोरडा', याचा खर्ज 'दाट', त्याचा वरचा भाग 'तिखट'. ही बिचारी मन लावून आमटी करते, तिला मी चार वर्षांत "बरी आहे" याखेरीज विशेषण दिलेलं नाही असा तिचा आरोप आहे. तो वेगळा विषय.

या तुलनेचा पहिला नियम मात्र तुम्हालाही उपयोगी पडेल. दोन यंत्रांपैकी ज्याचा आवाज किंचित मोठा असतो तेच माणसाला चांगलं वाटतं. मोठं वाटत नाही, *चांगलं* वाटतं. म्हणून आम्ही आधी मीटर लावून दोन्हींचे आवाज अगदी समान करून घेतो आणि मगच निकाल देतो. ही खबरदारी आमच्या हौसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत घेतली असती, तर गेल्या दहा वर्षांत आमचे चेअरमन वेगळे असते.

दुसरा वाद मुरण्याचा. नवीन हेडफोन शंभरएक तास वाजवला म्हणजे तो मुरतो आणि मग खरा गोड लागतो, असं एक घराणं मानतं. दुसरं घराणं म्हणतं, हेडफोन आहे तिथंच असतो, मुरतात ते कान. लोणच्याच्या बाबतीत असा वाद कधी झाला नाही, कारण लोणचं स्वतः काही बोलत नाही आणि खाणारा थांबत नाही.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे घसारा. कॉमर्सवाल्यांना हा शब्द नव्यानं सांगायला नको. यंत्र घेतलं की दरवर्षी त्याची किंमत थोडी उतरवायची. माझ्या एका हेडफोनच्या खोक्यावर तो ३५,००० हर्ट्झपर्यंत वाजतो असं छापलं आहे. माणसाचा कान ऐन तारुण्यात २०,०००पर्यंत ऐकतो आणि माझ्या वयाला १५,००० म्हणजे चांगली कमाई समजायची. तेव्हा वरच्या २०,००० हर्ट्झचे पैसे मी वटवाघळांसाठी भरले आहेत. घसारा हेडफोनला नसतो, कानाला असतो, आणि तो वरच्या टोकाकडून लागायला सुरुवात होते.

हे सगळं शास्त्र मला तोंडपाठ होतं, आणि त्याचा संसाराला काडीचा उपयोग नाही याबद्दल घरात एकमत होतं. अशात आप्पांच्या कानांचं प्रकरण निघालं.

आमचे आप्पा एक्याऐंशीचे. पोस्टातून निवृत्त. त्यांना ऐकू येत नव्हतं असं म्हणता येणार नाही. आवाज यायचा, शब्द यायचा नाही. ही विचारायची, "आप्पा, चहा टाकू का?" आप्पा विचारायचे, "काकू? कुठल्या काकू?" साखर संपली म्हणावं तर, "अंकलीला कोण गेलं?" टीव्हीचा आवाज असा की आमच्या घरच्या बातम्या समोरच्या इमारतीत कळायच्या. बरं, मोठ्यानं बोलावं, तर लगेच, "ओरडतोस कशाला? मी काय बहिरा आहे?" हळू बोललं तर ऐकू येत नाही आणि मोठ्यानं बोललं तर अपमान होतो, या दोन्हींच्या मधली जागा दिवसेंदिवस अरुंद होत चालली होती.

पण ओरडण्याचा खरा तोटा वेगळाच असतो. ओरडून फक्त कामाचं बोलता येतं. "जेवायला चला." "गोळी घेतली का?" "लाइटवाला आलाय." ही वाक्यं ओरडता येतात. पण "आज बँकेत गंमत झाली" हे ओरडून सांगून बघा. तिसऱ्यांदा सांगेपर्यंत त्यातली गंमत निघून जाते आणि आपणच म्हणतो, "काही नाही, असंच." आमच्या घरात आप्पांच्या वाट्याला हे 'काही नाही, असंच' फार येऊ लागलं होतं. हळूहळू त्यांनीही विचारणं सोडलं. रेडिओवरचं नाट्यसंगीत तर त्यांनी केव्हाच बंद केलं होतं. म्हणायचे, "आता पूर्वीसारखं कुणी गात नाही." बोलणाऱ्यांत बालगंधर्वांची जुनी तबकडीही धरलेली असायची, हे विशेष.

शेवटी नातवानं लकडा लावल्यावर आप्पा तपासणीला तयार झाले. तिथल्या बाईंनी त्यांना एका बंद खोलीत बसवलं आणि त्यांच्या कानांवर चक्क हेडफोन चढवला! आवाज आला की बटण दाबायचं. आप्पांनी पोस्टाचा शिक्का मारावा तशा शिस्तीनं बटणं दाबली. मग बाईंनी कागद पुढे केला आणि मला एकदम माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. तो आलेख मी रोज बघतो! आडवे हर्ट्झ, उभे डेसिबल. फरक इतकाच, की हेडफोनचा आलेख विकत घेताना बघतात.

आप्पांची रेघ डावीकडे बरीच सपाट होती आणि १,००० हर्ट्झच्या पुढे घाट उतरावा तशी खाली गेली होती.

"बघा," बाई म्हणाल्या, "अ, आ, ओ हे स्वर या डाव्या भागात असतात. ते आजोबांना ऐकू येतात. स, श, फ, थ ही व्यंजनं उजवीकडे. ती गेली. आपण ओरडतो तेव्हा स्वर मोठे होतात, व्यंजनं फारशी होत नाहीत. म्हणून ओरडून उपयोग नसतो."

"आणि मोठा आवाज सहन होत नाही, तो का?"

"कानाच्या आतल्या पेशी कमी झाल्या, की ऐकू येण्याची पायरी वर सरकते, पण सहन होण्याची पायरी आहे तिथंच राहते. म्हणून सगळाच आवाज मोठा करायचा नाही. जिथं कमी आहे तिथं भर घालायची. हळू आवाजाला जास्त, मोठ्याला कमी."

बाकीच्यांना हे अवघड गेलं असेल. मला मात्र त्या बाई आमच्याच घराण्याच्या वाटल्या. कारण श्रवणयंत्र म्हणजे तरी काय? एक मायक्रोफोन, एक अँप्लिफायर आणि एक चिमुकला स्पीकर. शेंगदाण्यापेक्षा थोडी मोठी वस्तू, आणि तिच्यापुढे माझे दोन अँप्लिफायर म्हणजे पाटा आणि वरवंटा. किमती काही हजारांपासून काही लाखांपर्यंत. सरकारी विवेकाचं मात्र कौतुक केलं पाहिजे. हेडफोनवर जीएसटी १८ टक्के, श्रवणयंत्रावर शून्य. शौक आणि गरज यांतला फरक इतक्या थोडक्यात मला कुणी समजावला नव्हता.

दोन यंत्रं आठ-आठ दिवस वापरून बघायला मिळाली, आणि आमच्या घरात तुलना करणारे दोन झाले. पहिल्या दिवशी आप्पांनी वर्तमानपत्र उघडलं आणि दचकून मिटलं. "केवढा वाजतो हा कागद!" मग नळ वाजला, फोडणी वाजली, पंखा वाजला. स्वतःचंच चिवडा खाणं ऐकून ते इकडेतिकडे बघू लागले. संध्याकाळी त्यांनी यंत्र काढून डबीत ठेवलं आणि जाहीर केलं, "हे मला मानवणार नाही."

इथं माझा छंद कामाला आला. "आप्पा, मुरू द्या," मी म्हटलं. "हेडफोन मुरतो की नाही याचा वाद आहे, पण इथं वाद नाही. इतकी वर्षं तुमच्या मेंदूला कागद वाजतो हे कुणी कळवलंच नव्हतं. आता एकदम सगळी टपाल आली आहे. छाननीला थोडे आठवडे लागणारच."

टपाल म्हटल्यावर आप्पांना पटलं. पहिल्या दिवशी दोन तास, मग चार, अशी सवय सुरू झाली. आठव्या दिवशी ते बाईंना म्हणाले, "पहिलं जरा तिखट आहे. दुसऱ्याचा आवाज उबदार आहे, पण स आणि श वेगळे निघत नाहीत. पहिलंच घेऊ, फक्त वरचं थोडं कमी करून द्या." बाई माझ्याकडे बघू लागल्या. मी छताकडे बघत होतो. अभिमानानं.

गाण्याची गोष्ट जरा नाजूक निघाली. ही यंत्रं मुळात बोलणं ऐकण्यासाठी जुळवलेली. तानपुऱ्याचा लांब सूर लागला, की आपणच शिट्टी मारतोय असं यंत्राला वाटतं आणि ते तो दाबायला जातं. बाईंनी गाण्यासाठी वेगळी जुळवणी करून दिली. त्या रात्री मी यंत्रावरूनच आप्पांच्या कानांवर माझा तो मोठ्या वाट्यांचा हेडफोन बसवला, आवाज अगदी बारीक ठेवला आणि बालगंधर्वांची जुनी तबकडी लावली. म्हणजे एका अँप्लिफायरवर दुसरा अँप्लिफायर. आमच्या धंद्यात हे अब्रह्मण्यम् समजलं जातं. पण गंमत बघा, त्या जुन्या ध्वनिमुद्रणात फार वरचे सूर मुळात उतरलेलेच नाहीत. ३५,००० हर्ट्झचं खोकं तिथं बेकार. तबकडीला जेवढं येतं तेवढंच आप्पांच्या कानांना लागतं. जमा-खर्च तंतोतंत जुळला.

तबकडी तीन-साडेतीन मिनिटांची. आप्पा डोळे मिटून बसले होते. ती संपल्यावरही त्यांनी वाट्या काढल्या नाहीत. मी विचारलं, "कसं आहे?" खतावणीत लिहायला मी पेन्सिलही घेतली होती. आप्पा म्हणाले, "खरखर आहे तशीच आहे रे." आणि पुन्हा लावायला सांगितलं. मी रकान्यात काहीच लिहिलं नाही.

या गोष्टीला आता सहा महिने झाले. कानामागून आलं आणि तिखट झालं, ही म्हण आमच्या घरात शब्दशः खरी झाली आहे. कुकरच्या शिट्ट्या आता आप्पा मोजतात. नातू परीक्षेचे मार्क आईला कुजबुजत सांगायला गेला, ते सर्वांत आधी आजोबांना कळले. हिला माहेरी फोन करायचा तर गच्चीवर जावं लागतं. टीव्हीचा आवाज उतरला, समोरच्या इमारतीला आता स्वतःच्या बातम्या लावाव्या लागतात.

परवा जेवताना आप्पा मला हळूच म्हणाले, "अरे, सूनबाई स्वयंपाक करताना गुणगुणते, हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

सतरा वर्षं ती त्याच ओट्यापाशी गुणगुणते आहे. मी म्हटलं, "काही विशेष नाही आप्पा, असंच."

"विशेष नसू दे," आप्पा म्हणाले, "आणखी काय काय असंच आहे, ते सांग."

मग मी त्यांना बँकेतली ती गंमत सांगितली. फार मोठी नव्हती. एकदाच सांगितली, आणि ते हसले.