पुन्हा बावीस पौंडांपासून

खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांना मी पहिला प्रश्न विचारला तो असा, "धनुष्य कधी हातात घेऊ?" ते म्हणाले, "आधी स्वतःची वेणी घालून दाखवा." वेणी घालायला हात डोक्यामागे न्यावा लागतो, कोपर वर ठेवून तिथेच धरावं लागतं आणि बोटांनी बारीक काम करावं लागतं. दोरी ओढून हनुवटीखाली आणताना खांदा जवळपास हेच करतो. त्यामुळे वेणी येईपर्यंत धनुष्याचं नाव काढायचं नाही, हे मी मान्य केलं.

दुखावलेला खांदा उजवा, म्हणजे दोरी ओढणारा. खांद्याच्या गोलाला चार स्नायू वेढून धरतात, त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. त्यांपैकी सर्वांत वरच्या सुप्रास्पायनॅटसचा टेंडन माझ्या हाडापासून सुटला होता. दुर्बिणीतून तो पुन्हा हाडाला टाचला. ही दुखापत एका दिवसात झालेली नव्हती. माझ्या रिकर्व्ह धनुष्याची ओढ ४० पौंडांची, म्हणजे साधारण १८ किलोंची. ७० मीटरच्या एका रँकिंग फेरीत ७२ बाण असतात. प्रत्येक बाणाला १८ किलो धरले तर फेरी संपेपर्यंत त्याच खांद्याने १,३०० किलोंच्या आसपास ओढलेलं असतं. सरावाच्या दिवशी बाण याच्या दुपटीने. अमरावतीत शिकत होते तेव्हापासून मी हेच करत आले, आणि पुढे अकोल्यात शाळेत खेळशिक्षिका झाल्यावरही सोडलं नाही.

अमरावतीच्या पाण्यातच खेळ आहे, असं मला मनापासून वाटतं. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ इथलं. साताऱ्याकडच्या सरडे गावचा प्रवीण जाधव इथल्याच क्रीडा प्रबोधिनीत धनुर्विद्या शिकला आणि टोकियो ऑलिम्पिकला गेला. अशा गावात शिकलेल्या माणसाला "आता खेळ पुरे" हे सहज पटत नाही. आई मात्र तेच म्हणत होती, "हात वाचला हे काय कमी हाय? ते धनुष्य देऊन टाक कोनाले तरी."

शस्त्रक्रिया अमरावतीत झाली, घर अकोल्यात. हात झोळीत बांधून एसटीने परत येताना मला त्या रस्त्याचे खरंच आभार मानावेसे वाटले. अमरावती-अकोला रस्ता कित्येक वर्षं असा उखडलेला होता की धडधाकट माणसाची कंबर धरायची. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. विक्रमाचं कौतुक लोकांनी केव्हाच केलं. मला तो रस्ता कळला तो मूर्तिजापूर मागे पडलं आणि टाक्यांना एकही हिसका बसला नाही तेव्हा.

झोळीचे आठवडे कठीण गेले. आडवं झोपता येत नाही, उशांना टेकून अर्धवट बसूनच रात्र काढावी लागते. झोळी सुटली तेव्हा हात माझाच आहे असं वाटेना. फिजिओथेरपीची सुरुवात टेबलावर फडकं पुढे-मागे सरकवण्यापासून झाली. मग भिंतीवर बोटं चालवत वर नेणं, मग काठी, मग रबरी पट्टी. आमची फिजिओथेरपिस्ट माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची, पण नजर करडी. "मॅडम, खांदा कानाकडे चाललाय," एवढंच म्हणायची आणि मला पहिल्यापासून करायला लावायची. दुर्बळ खांदा वर उचलला जातो आणि मानेचे स्नायू त्याचं काम ओढून घेतात. मग टाचलेला टेंडन पुन्हा हाडाखाली चिमटतो.

त्याच काळात कोरियाच्या ओ जिन-ह्येकबद्दल वाचलं. हा लंडन २०१२ चा वैयक्तिक विजेता. टोकियोत कोरियाच्या पुरुष संघाने सुवर्ण जिंकलं तेव्हा चाळिशीला आलेल्या या धनुर्धराच्या उजव्या खांद्याच्या चार टेंडनपैकी तीन तुटलेले होते. त्याच्याविषयी मला अपार आदर आहे. पण हे माझ्या विद्यार्थ्यांना सांगताना मी पुढचंही सांगते, की अशा खांद्याने खेळत राहण्याची निवड एका ऑलिम्पिक विजेत्याने, कारकिर्दीच्या शेवटी, सगळं समजून केली होती. चौदा वर्षांच्या मुलाने तिचं अनुकरण करायचं नाही.

वेणी आली तेव्हा मी अमरावतीला जुन्या सरांकडे गेले. सरांनी माझ्या धनुष्याची दोन्ही पाती उतरवली आणि नव्या मुलांची २२ पौंडांची पाती चढवली. क्लिकरही काढून टाकला. बाण ठरावीक लांबीपर्यंत ओढला गेला की ही पत्ती टक्‌ वाजते, आणि ती वाजावी म्हणून दुखरा खांदाही नको तेवढा ओढत राहतो. सर म्हणाले, "तू किती पौंड ओढते ते मले पाहाचं नाही. फरा कसा सरकते ते पाहाचं हाय."

माझे कार्बनचे बाणही चालेनात. हलक्या धनुष्याला ते फार ताठ पडतात आणि उजव्या हाताने ओढणाऱ्याचे बाण डावीकडे जातात. म्हणून ॲल्युमिनियमचे बाण मागून घेतले. टार्गेटचा कागद लावायचा नाही, दोन-चार पावलांवरून, डोळे मिटून, फक्त पाठीने ओढायचं. शेजारच्या रांगेत दहा-बारा वर्षांच्या मुली होत्या आणि आमची पाती एकाच वजनाची होती. गुण नाहीत, अंतर नाही, नुसती ओढ आणि सोड. धनुर्विद्येवर माझं प्रेम आहे हे मला या दिवसांत जितकं कळलं तितकं पदकांच्या दिवसांत कळलं नव्हतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी एकाच दिवशी कंपाउंडचे जगज्जेते झाले. ओजसने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण मिळवले. त्याच वर्षी मे महिन्यात आमच्या बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने शांघायच्या विश्वचषकात कंपाउंडमधल्या अव्वल माईक श्लोसरला हरवलं होतं. मग मला सल्ला सुरू झाला, "मॅडम, तुम्हीही कंपाउंड घ्या, त्यात वजन कमी होतं." हे अर्धंच खरं आहे. कंपाउंड पूर्ण ओढल्यावर चाकांमुळे हातावर वजनाचा थोडासाच भाग उरतो, पण त्याआधी पूर्ण वजनाचा टप्पा पार करावाच लागतो. तो ओढीच्या सुरुवातीला येतो, आणि माझा खांदा तिथेच कच्चा होता. रिकर्व्हमध्ये वजन हळूहळू चढत जातं, पाती बदलून ते दोन-दोन पौंडांनी वाढवता येतं. मी रिकर्व्हच ठेवलं.

आज मी ३४ पौंडांवर आहे. क्लिकर परत लावला आहे आणि ५० मीटरवर नियमित बाण सोडते. ४० पौंड पुन्हा येतील की नाही, याचा निर्णय मी खांद्यावर सोपवला आहे.

वऱ्हाडात आता घराघरांतून मुलं या खेळाकडे येत आहेत. त्यांच्या आई-बापांना माझी विनंती आहे. शेजारच्या मुलाने जड पाती घेतली म्हणून आपल्या मुलाला घेऊन देऊ नका. रात्री कुशीवर झोपताना खांदा दुखतो असं मूल म्हणालं, तर तो सरावाचा थकवा समजू नका, दाखवून घ्या. आणि केंद्रं चालवणाऱ्यांनी महिन्यातून एकदा तरी फिजिओथेरपिस्टला मैदानावर बोलवावं. अकोल्यात कुणी यायला तयार असेल तर जरूर या. उन्हाळ्यातही आमची मुलं सकाळी सहाला मैदानावर असतात.