माझं मी, तुझं तू

परवा टीममधल्या एका नवीन मुलाचा मेल आला. सुरुवात होती, ‘मायसेल्फ पाटील फ्रॉम जळगाव’ आणि खाली, ‘आय वॉन्ट टू अव्हेल टू डेज लीव्ह’. आधी हसू आलं. मग आठवलं की आपण तरी कोणते विलायतेहून आलो? माझ्या पहिल्या मुलाखतीत मीसुद्धा ‘मायसेल्फ’नेच नारळ फोडला होता. फक्त पाटीलऐवजी माझं आडनाव आणि जळगावऐवजी धुळं, एवढाच फरक.

आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून. (पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, तोवर आम्ही सुटलो होतो.) मायसेल्फ, युवरसेल्फ, हिमसेल्फ हे आम्ही पाढ्यांसारखं पाठ केलं. या शब्दांच्या आधी कोणतं क्रियापद येतं आणि नंतर कोणतं शब्दयोगी चिकटतं, ते मात्र पाढ्यात नव्हतं. आणि खरी गोम तिथेच आहे.

गंमत अशी की ‘मायसेल्फ पाटील’ हे मराठीच्या नियमातसुद्धा बसत नाही. शाळेतलं मराठी व्याकरण आठवा. आत्मवाचक ‘आपण’ वाक्याच्या सुरुवातीला येत नाही. ‘तो आपण होऊन आला’ असं म्हणतो. सुरुवातीला आला तर तो पुरुषवाचक, म्हणजे ‘आपण सगळे जाऊ’ मधला. इंग्रजीतही तेच, ‘सेल्फ’वाला शब्द एकटा कर्ता होऊ शकत नाही. म्हणजे इथे आम्ही दोन्ही भाषांचे नियम एकदम मोडले. :)

‘अव्हेल’ची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे मराठी आडवी येते, असं माझं मत. नियमाप्रमाणे हवं ‘अव्हेल युवरसेल्फ ऑफ’. मधलं युवरसेल्फ आणि ऑफ आपण दोन्ही गाळतो. का? तर सत्यनारायणाच्या पत्रिकेवर काय छापतात? ‘तीर्थप्रसादाचा लाभ घ्यावा.’ या ‘घ्यावा’मध्ये स्वतः आलाच की! आपल्याकडे ‘घेणे’ हे क्रियापदच आत्मवाचकाचं काम करतं. करून दे म्हणजे दुसऱ्यासाठी, करून घे म्हणजे स्वतःसाठी. ‘फॅमिलियराइज युवरसेल्फ विथ द कोड’ याचं मराठी ‘कोडची ओळख करून घ्या’. यात ‘स्वतःला’ कुठेच नाही, तरी तो आहे. अहिराणीतही तसंच. आई म्हणते, ‘जेवी ले.’ त्या ‘ले’मध्ये सगळं आलं. मग आपण इंग्रजी बोलताना तो ‘सेल्फ’ विसरतो यात नवल काय? ‘डिड यू एन्जॉय युवरसेल्फ?’ असं क्लायंटने विचारलं की आपण म्हणतो, ‘येस, आय एन्जॉइड.’ मजा ‘आली’. ती आपली आपण येते, तिला आणायला माणूस लागत नाही.

बरं, ‘सेल्फ’ घालायचा ठरवला तरी कुठे घालायचा हा प्रश्न राहतोच. ‘पुल युवरसेल्फ टुगेदर’ म्हणजे सावर स्वतःला. ‘पुल टुगेदर युवरसेल्फ’ चालत नाही. ‘आय लॉक्ड मायसेल्फ आउट’ म्हणजे किल्ली आत आणि मी बाहेर. इथेही मायसेल्फ मधेच हवा. क्रियापद आणि त्याचं शेपूट यांच्या मधोमध तो बसतो, एसटीत तिघांच्या सीटवर मधल्याने बसावं तसा. आणि पुढे शब्दयोगी असेल तर तो ज्याचा त्याचा ठरलेला. प्राइडला ऑन, डिव्होटला टू, अ‍ॅब्सेंटला फ्रॉम. यात तर्क शोधू नये, पाठ करावं.

पाठ करून पक्कं झालं की इंग्रजी तिसरीकडून चकवते. ‘ही क्लोज्ड द डोअर बिहाइंड हिम.’ हिमसेल्फ नाही! नुसती जागा दाखवणारा शब्दयोगी असेल तर बहुतेक वेळा साधं सर्वनाम पुरतं. मराठीत आपण ‘आपल्यामागे दार लावलं’ म्हणतो. ‘त्याच्यामागे’ म्हटलं तर तिथे आणखी कोणी आहे की काय, अशी शंका येते.

धुळ्याच्या माणसाने व्याकरणावर बोलावं का, असं कुणी म्हणेल. तर मंडळी, इतिहासाचार्य राजवाड्यांनी शेवटचे दिवस धुळ्यातच काढले, १९२६ साली ते तिथेच गेले. मराठी क्रियापदांच्या मुळांचा त्यांचा धातुकोश धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने काढला. तेव्हा थोडा हक्क आम्हालाही आहे.

आता मला स्वतःला महागात पडलेला शब्द, ‘बाय इटसेल्फ’. एकदा शुक्रवारी रात्री बाकीचे जॉब थांबवून मी एकच रिपोर्ट जॉब चालवून पाहिला आणि क्लायंटला लिहिलं, ‘द जॉब रॅन बाय इटसेल्फ’. मला म्हणायचं होतं, एकटाच चालला. त्यांनी वाचलं, आपोआप चालला. कुणी सुरू न करता जॉब चालू झाला म्हटल्यावर तिकडे पळापळ, आणि इकडे मी रात्री दोन तास कॉलवर. मराठीत हा घोटाळा झालाच नसता. एकटा वेगळा, आपोआप वेगळं, स्वतः वेगळा, आपणहून वेगळं. शिवाय आपली खास जोडी आहेच, ‘माझं मी’, ‘तुझं तू’. इंग्रजी मात्र या बऱ्याच गोष्टी एकाच ‘बाय’च्या पोत्यात भरते.

त्या रात्री हा दोष इंग्रजीचा, असं मी ठरवून टाकलं होतं. पण मध्यंतरी तिकडच्या एका सहकाऱ्याने सहज विचारलं, ‘तुझी आई बाय हरसेल्फ राहते?’ आणि मी अडकलो.

आई धुळ्याला देवपुरात राहते. वडील गेल्यापासून. पुण्याला चल म्हटलं की एकच उत्तर, ‘मनं मी करी लेस.’ माझं मी करून घेते. हे मी लोकांना कौतुकाने सांगतो. कुणी ‘एकट्याच असतात का?’ विचारलं की पटकन म्हणतो, ‘अहो, ती स्वतःचं सगळं स्वतः करते.’ मागच्या दिवाळीला गेलो तेव्हा शेजारच्या काकूंकडून कळलं, नवरात्रात चार दिवस ताप होता, रिक्षा करून दवाखान्यात आपली आपण जाऊन आली. मला फोनवर म्हणाली होती, बरी आहे. मी काही म्हणायच्या आत तिने ताटात दुसऱ्यांदा भरीत वाढलं. ‘हेल्प युवरसेल्फ’ तिच्या घरात चालत नाही. तुझं तू घे, असं ती पाहुण्याला तर नाहीच, मलाही म्हणत नाही. ते फक्त स्वतःपुरतं.

‘बाय हरसेल्फ’मध्ये दोन्ही आहे. एकटी, आणि स्वतःच्या बळावर. मराठीत मला दोन शब्दांतून एक निवडावा लागतो, आणि इतकी वर्षं मी दरवेळी दुसरा निवडतो. तो खरा आहे म्हणून, आणि मला सोयीचा आहे म्हणूनही. सहकाऱ्याला मी नुसतं ‘येस’ म्हणालो.

असो. त्या मुलाच्या मेलच्या शेवटी रजेचं कारण होतं. जळगावला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, ‘शी इज अलोन देअर’. त्याने बरोबर शब्द वापरला होता. रजा मंजूर केली, दोनाच्या जागी चार दिवस. ‘ऑफ’ आणि ‘युवरसेल्फ’ तो परत आल्यावर सांगेन.

पुढच्या शनिवारी लिहिणं होईलसं वाटत नाही. धुळ्याला जातोय.