पिंपरीला उतर

परदेशात मराठी माणूस भेटला की प्रश्न ठरलेले. नाव काय, इथे किती वर्षं झाली, आणि मग "पुण्यात कुठे?" मी म्हणतो, चिंचवड. समोरचा "अच्छा, म्हणजे पुण्याच्या बाहेर" म्हणून मान डोलावतो. अहो, 1982 पासून आमची स्वतःची महानगरपालिका आहे, असं सांगावंसं वाटतं. पण गणपतीच्या आरतीला उभं राहून कुठे वाद घालायचा! जर्मन माणसाला तर मी सरळ "मुंबईजवळ" सांगून मोकळा होतो. (अण्णांना हे कळलं तर माझं काही खरं नाही.)

तर झालं असं. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी मी ब्योब्लिंगेनहून स्टुटगार्टकडे जाणाऱ्या एस-बानमध्ये बसलो होतो. एस-बान म्हणजे आपली लोणावळा लोकलच, फक्त दारात कुणी लटकत नाही. फोनवर मावसभाऊ होता, अण्णांना भेटायला निघालेला. त्याला जरा जोरातच सांगत होतो, "अरे चिंचवडला नको, पिंपरीला उतर. पिंपरीला!" फोन ठेवला तर समोरचे आजोबा रोखून बघत होते. म्हटलं, आता मोठ्याने बोलल्याबद्दल ऐकून घ्यावं लागणार.

ते म्हणाले, "पिंप्री?"

माझ्या तोंडून शब्दच फुटेना. चौदा वर्षांत इथल्या कुणाच्या तोंडून मी हा शब्द ऐकला नव्हता.

1995 साली पिंपरीत, टेल्कोच्या आवारात, मर्सिडीजच्या गाड्या जोडायला सुरुवात झाली. त्या कामासाठी हे आजोबा आले होते, वर्षभर राहिले. मूळचे टूलमेकर. चहाचा छोटा ग्लास त्यांना आठवत होता, पाळी सुटल्यावरचा सायकलींचा लोंढा आठवत होता, आणि "चालेल" हा एक शब्द आठवत होता. चालेल म्हणजे नक्की चालेल की चालणार नाही, हे शेवटपर्यंत कळलं नाही म्हणे. मी म्हटलं, आम्हालाही कळत नाही.

आमचे अण्णा टेल्कोतच टूलरूमला होते. कराडजवळच्या गावातून अप्रेंटिस म्हणून आले ते निवृत्त होईपर्यंत तिथेच. मी मोठ्या आशेने त्यांचं नाव सांगितलं. आजोबांनी प्रामाणिकपणे डोळे मिटून आठवून पाहिलं आणि मान हलवली. हजारो माणसांची कंपनी ती. सिनेमात होतं तसं काही झालं नाही.

लोक म्हणतात जग लहान आहे. मला नाही तसं वाटत. जग चांगलं ऐसपैस आहे, त्यातले रस्ते मात्र मोजके. टेल्कोने डाइम्लर-बेन्झशी ट्रकसाठी करार केला तो 1954 साली, तिकडे जमशेदपूरला. पिंपरीत टेल्को आली 1966 मध्ये, मर्सिडीज आली 1995 मध्ये, आणि 2009 मध्ये ती चाकणला गेली. आज माझ्या ऑफिसातली जर्मन पोरं दोन-दोन आठवडे चाकणला जाऊन येतात आणि नाशिक रस्त्याच्या ट्रॅफिकच्या कहाण्या सांगतात. माझ्या आजीला चाकण म्हणजे कांदा एवढंच माहीत होतं. आम्हाला शाळेत फिरंगोजी नरसाळा शिकवला, 1660 मध्ये शाहिस्तेखानाला संग्रामदुर्गाखाली दोन महिने झुंजवणारा. (आज असता तर ट्रॅफिकनेच अडवला असता खानाला.) सांगायचं काय, तर पिंपरीचा शब्द ओळखणारा माणूस स्टुटगार्टच्या गाडीत भेटणं यात फार मोठा चमत्कार नाही. चुकून नागपूरच्या बसमध्ये भेटला असता तर मी जास्त आश्चर्य केलं असतं.

आश्चर्य वेगळंच घडलं. त्या रविवारी अण्णांना फोन केला.

2019 मध्ये आई गेली. तेव्हापासून आमचे फोन म्हणजे हजेरी. जेवलास का, जेवलो. तब्येत, बरी. पाऊस, आहे. चार मिनिटं झाली की दोघंही गप्प, मग "ठेवू?" आई होती तेव्हा फोन तीच चालवायची, अण्णा मागून "त्याला सांग" एवढंच म्हणायचे. ती गेल्यावर सांगणारं कुणी उरलं नाही.

मी आजोबांचा किस्सा सांगितला. अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "टूलमेकर म्हणतोस? त्याला विचार, डाय बसवताना निळं कुठलं वापरायचे?"

मी म्हटलं, निळं म्हणजे?

आणि अण्णा पाऊण तास बोलले. पत्रा दाबायच्या साच्याचे दोन भाग एकमेकांवर नीट टेकतात का, हे बघायला एका भागाला निळा रंग चोपडायचा, दुसरा त्याच्यावर आणायचा, आणि जिथे निळा उमटेल तो उंचवटा हाताने घासायचा. परत रंग, परत घासणं. दिवसच्या दिवस. 1998 साली इंडिका आली तेव्हा रात्री उशिरा घरी यायचे ते यासाठी. मला त्यातलं एवढंच आठवत होतं की अण्णांच्या नखांत निळं असायचं आणि आई टॉवेलवरून भांडायची.

पुढच्या गुरुवारी आजोबा परत भेटले. मंगळवारी आणि गुरुवारी ते कानश्टाटला पोहायला जातात. त्यांना विचारलं तर चेहरा उजळला. त्याला इकडे टुशिरेन म्हणतात, म्हणाले, आणि माझ्या वहीत आकृती काढून दिली. रविवारी ती अण्णांना वाचून दाखवली. अण्णांचा उलट प्रश्न आला. असं तीन महिने चाललं. एकमेकांना न पाहिलेली दोन म्हातारी माणसं, आणि मधे मी पोस्टमन, माझ्या मोडक्या जर्मनसकट.

मग आजोबा दिसेनासे झाले. फोन नंबर घ्यायचं कधी सुचलंच नव्हतं. मी मागची गाडी बघितली, पुढची बघितली, डबे बदलले. अण्णा दर रविवारी, "भेटला का तुझा जर्मन?" दोन रविवार नाही म्हणालो. नाही म्हटलं की फोन परत चार मिनिटांवर.

तिसऱ्या रविवारी मी खोटं बोललो. म्हटलं, भेटले होते, म्हणत होते की आता सगळं मशीनवरच होतं, हाताने घासायची गरज राहिली नाही.

अण्णा म्हणाले, "असं म्हणणारच नाही तो. मशीन कितीही भारी आणा, शेवटी निळं लावून हातानेच बघावं लागतं. तू भेटलेलाच नाहीस त्याला."

मी गप्प. तिकडून पंख्याचा आवाज येत होता.

"बरं, ते राहू दे," अण्णा म्हणाले. "तू तिथे दिवसभर नक्की काय करतोस ते सांग. गाडीतलं सॉफ्टवेअर म्हणजे काय असतं? नीट सांग, मला घाई नाही."