टोमॅटो पिकले की जातो

अम्मींचा इन्तकाल झाल्यावर अब्बांना आम्ही श्रीवर्धनहून परंदवडीला घेऊन आलो. यायला ते तयार नव्हते. चार दिवस राहतो म्हणून आले आणि पहिल्याच जुम्याला परतीच्या एसटीची चौकशी करू लागले. तिकडच्या रिकाम्या घरात त्यांना एकटं सोडायचं आमच्या जिवावर आलं होतं. घरामागे जमिनीची एक चिंचोळी पट्टी होती. आम्ही तळेगावहून टोमॅटोची पंधरा रोपं आणून दिली. खरं सांगायचं तर टोमॅटोसाठी नव्हे, अब्बांना गुंतवून ठेवण्यासाठी. त्यांनी रोपं लावली, काठ्या रोवल्या, सुतळीने बांधली आणि म्हणाले, “ठीक आहे. टोमॅटो पिकले की जातो.”

ऑक्टोबरअखेरची ती लावण. डिसेंबर सरता सरता झाडं हिरव्या फळांनी लगडली, आणि नेमकी मावळातली थंडी पडली. समुद्रकाठी आयुष्य काढलेल्या अब्बांना ही थंडी नवी. फजरची नमाज झाली की मफलर गुंडाळून, बॅटरी घेऊन ते मागे जात. पानांवर दव आणि फळं कालच्यासारखीच हिरवी. असे तीन आठवडे गेले. एका सकाळी ते म्हणाले, “माझ्या हाताला बरकत राहिली नाही. परसातलं सगळं तिच्याच हाताने यायचं.”

आमची अवस्था विचित्र झाली. फळं पिकावीत, अब्बांचा चेहरा खुलावा असं वाटे. आणि पिकली तर ते जातील ही धास्तीही होती. धाकट्याने एकदा सरळ विचारलं, “दादा, टोमॅटो हिरवेच राहोत अशी दुआ मागितली तर चालते का?” अब्बा बऱ्याच दिवसांनी हसले.

दोष बरकतीचा नव्हताच. टोमॅटोला लाल रंग देणारं लायकोपीन साधारण 20 ते 25 अंश तापमानात चांगलं तयार होतं. पारा 10 अंशांच्या आसपास उतरला की पिकणं जवळजवळ थांबतं. उलट 30 च्या वर गेला तरी लाली अडते आणि फळ पिवळट-नारिंगी राहतं. फळाला पिकवणारा इथिलीन वायू फळ स्वतःच सोडतं. त्याला ऊब लागते, थेट ऊन लागतंच असं नाही. फळांवर ऊन पडावं म्हणून आम्ही पानं खुडत होतो, ते थांबवलं.

हे ऐकून अब्बा म्हणाले, “म्हणजे आढीच की! आंब्याची घालतो तशी.”

मग कारभार त्यांच्या हाती गेला. पूर्ण वाढलेली, तुकतुकीत, बुडाशी पांढुरकी झालेली फळं त्यांनी निवडली. कोवळी फळं तोडून पिकत नाहीत, ती झाडावरच ठेवली. शेजारच्या घरून भाताचा पेंढा आला. खोक्यात पेंढा, त्यावर एकमेकांना न टेकणारी फळं, मध्ये एक पिकलं केळं, आणि खोकं स्वयंपाकघराच्या उबेत. रोज एकेक फळ उचलून पाहायचं, डागाळलेलं बाजूला काढायचं. कोणीतरी पिकवायची पुडी सुचवली. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला कायद्यानेच बंदी आहे. अब्बा एवढंच म्हणाले, “घाई कुणाला आहे?” आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

सूरह अल-अनआमच्या 99 व्या आयतीत फळ धरतं तेव्हा आणि पिकतं तेव्हा त्याच्याकडे पाहा, असं अल्लाहने सांगितलं आहे. आम्ही ती कितीदा तरी वाचली होती. पाहायचं कसं, ते त्या महिन्यात अब्बांकडून शिकलो.

झाडावरचं पहिलं लाल फळ बुलबुलाने फोडलं. धाकटा दगड शोधू लागला. अब्बांनी त्याचा हात धरला. लावलेल्या रोपाचं पाखराने खाल्लं तर तोही लावणाऱ्याचा सदका, ही पैगंबरांची (स.) शिकवण त्याला सांगितली आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या झाडांवर जुनी ओढणी टाकली.

आढीतून पहिल्या खेपेला अकरा टोमॅटो निघाले. चार पेंढा देणाऱ्या घरी गेले. उरलेल्यांतून रात्री अम्मींच्या पद्धतीने जवळा केला, सोबत तांदळाची भाकरी. अब्बा शांतपणे जेवले. शेवटी म्हणाले, “मीठ कमी आहे. तिचंही नेहमी कमीच पडायचं.” आमच्याकडे आल्यापासून अम्मींच्या हातच्या जेवणाविषयी ते पहिल्यांदाच बोलले. मग बराच वेळ बोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते एसटीचं विचारतील म्हणून आम्ही वाट पाहत होतो. ते अंगणात बी धुऊन कागदावर वाळवत बसले होते. संकरित रोपाच्या बियांना तसंच फळ येईल असं नाही, हे आम्ही सांगितलं. “जे येईल ते आपलं,” म्हणाले.

बी वाळल्यावर त्यांनी दोन पुड्या बांधल्या. “एक श्रीवर्धनला. कौलं बघायला जायलाच हवं. तिच्या कबरीवरही जाऊन येईन. घर माझं तिकडे आहे, मला अडवू नका.”

आम्ही मान डोलावली. अडवण्यासाठी रोपं आणली होती, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार.

“आणि दुसरी पुडी?”

“ती इथे ठेवा. रमजानला येतो.”

पुडी स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे, मिठाच्या बरणीशेजारी.