बारा तासांची मुदत

निवृत्तीनंतर केनवडला पहाटे तीन-चार किलोमीटर चालणे, एवढाच माझा व्यायाम. त्यामुळे पुण्याचा पुतण्या म्हणाला, "काका, मी कॉम्रेड्सला चाललो," तेव्हा ते एखादे संमेलन असावे असेच मला वाटले. 42.195 किलोमीटरच्या मॅरेथॉनहून लांब ती अल्ट्रा-मॅरेथॉन, आणि दक्षिण आफ्रिकेतील ही शर्यत त्यांत फार जुनी. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ विक क्लॅपहॅम यांनी ती 1921 मध्ये सुरू केली. त्या वर्षी 34 जण धावले, 16 पोहोचले.

"पैसे भरून दमायला परदेशी जायचे?" घरच्या व्यापारी मंडळींनी विचारले. तो हसला. दुकानात कुठला दिवस खरोखर आपल्या कष्टाचा होता, हे कधी कळत नाही. तिथे कळते, म्हणाला.

मुदत बारा तासांची. ती संपताच अंतिम रेषेवर बंदूक झडते. झाडणारा धावपटूंकडे पाठ करून उभा असतो. दोन पावलांवर कोण आहे, हे त्याने पाहायचेच नाही.

9 जून 2019 रोजी डर्बनहून पीटरमॅरिट्झबर्गपर्यंत सुमारे 87 किलोमीटरची चढण होती. आपल्याकडे सकाळी 9 ला सुरुवात, रात्री 9 ला शेवट. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून आम्ही मोबाइलभोवती बसलो. पॉली शॉर्ट्सची शेवटची टेकडी त्याने ओलांडल्याचे कळले. मग नऊ वाजले. तो चार मिनिटे उशिरा पोहोचला. पदक नाही.

मला त्या पाठमोऱ्या माणसाचा राग आला. आणि तेव्हाच आठवला तो शेतकरी. कर्जाचा हप्ता भरण्याच्या शेवटच्या दिवशी, पायी, काउंटर बंद झाल्यावर पाच मिनिटांनी आलेला. मी मान वर न करता "उद्या या" म्हणालो होतो. त्याची व्याजसवलत गेली. नियम पाळल्याचा मला तेव्हा अभिमानच वाटला होता.

पुतण्याला फोनवर मी त्या बंदुकीबद्दल बोललो. "ती नसती तर मी गेलोच नसतो, काका," तो म्हणाला. त्याचे खरे असेल. पण तो हौसेने धावला होता, शेतकरी गरजेने चालला होता.

महामारीमुळे पुढची दोन वर्षे शर्यत झाली नाही. 2022 मध्ये तो पुन्हा गेला आणि 11 तास 41 मिनिटांत पोहोचला. त्याने पदकाचा फोटो पाठवला, तेव्हा मी अभिनंदन कळवले. त्या शेतकऱ्याचे नाव मात्र मला अजूनही आठवत नाही.