शौचधर्म आणि एक अडलेला पंप

ज्या विषयाचा उच्चार चारचौघांत करू नये असा आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या दंडक आहे, त्याच विषयावर आज लिहावयाचे योजिले आहे. वाचकांनी प्रथम नाक मुरडले तरी अखेरपर्यंत वाचावे, एवढीच विनंती.

सन २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता कन्येकडे अमेरिकेत गेलो होतो. जावईबापूंनी आठ दिवसांकरिता एक चालते घर भाड्याने घेतले आणि आम्हांस मिशिगन संस्थानातील सुपीरियर सरोवराच्या काठाकाठाने हिंडविले. या वाहनास तिकडे मोटरहोम म्हणतात. चूल, शेजघर, न्हाणीघर, शौचकूप, सारे काही चाकांवर! परंतु घर कितीही चालते असले तरी देहधर्म काही चुकत नाही. म्हणून त्याच्या पोटाशी दोन टाक्या असतात. एकीत स्नानाचे व भांड्यांचे पाणी साठते, दुसरीत मैला. त्या रित्या करण्यासाठी ठिकठिकाणी खास जागा राखलेल्या असतात. पुष्कळ गाड्यांत तीन इंची नळीतून मैला आपल्या भारानेच वाहून जातो. आमच्या गाडीस मात्र पंप जोडलेला होता. त्यातील पाती मैला कांडून बारीक करतात आणि रबरी चक्र तो अरुंद नळीतून पुढे लोटते.

पाचव्या दिवशी हा पंप अडला. कळ दाबताच क्षणभर गुरगुरला आणि मुका झाला. टाकी तर काठोकाठ भरलेली. जावईबापू म्हणाले, “बाबा, आपण यात हात घालायला नको. माणूस बोलावून करून घेऊ.” यावर कन्या शांतपणे त्यांस म्हणाली, “बोलावशील तो तरी माणूसच ना?” आणि रबरी हातमोजे चढवून ती गाडीखाली शिरली. हत्यारे हाती देण्याचे काम माझ्याकडे आले.

रोगनिदानाची तिची पद्धत पाहून मला आमच्या तर्कशास्त्रातील अन्वय-व्यतिरेकाची आठवण झाली. पंपातून मुळीच आवाज नसता, तर विजेची वाट तपासावयाची होती: फ्यूज, कळ, जोडाच्या तारा, आणि बॅटरीचे बारा व्होल्ट पंपापर्यंत पोचतात की नाही. पंप मोकळेपणी फिरून मैला हलत नसता, तर टाकीची झडप बंद आहे, नळी मुडपली आहे, कोठून हवा शिरते आहे किंवा रबरी चक्र झिजले आहे, असे समजावयाचे. परंतु आमचा पंप आधी गुरगुरला होता. म्हणजे वीज पोचली, पण आस फिरला नाही. अडलेली मोटार अधिक वीज ओढते आणि त्यामुळे फ्यूज जळतो. तसा तो जळलेलाच निघाला. नुसता फ्यूज बदलून भागले नसते. अडथळा आत होता.

तिने प्रथम वीज तोडली, कारण पाती फिरण्याची शक्यता असताना तेथे हात नेणे म्हणजे बोटांस मुकणे होय. अशा बऱ्याच पंपांच्या आसाला मागील टोकास पेचकस बसेल एवढी खाच असते. तीत पेचकस घालून तिने आस दोन्ही दिशांनी फिरवून पाहिला. पुष्कळदा एवढ्यानेच अडकलेला पंप सुटतो. आमचा सुटला नाही. मग टाकीची झडप घट्ट बंद करून, खाली बादली ठेवून तिने पंप उतरविला. पात्यांभोवती ओल्या पुसणीचा पीळ बसला होता. या पुसण्यांच्या पाकिटावर काहीही छापलेले असो, त्या कागदासारख्या पाण्यात विरत नाहीत. पीळ निघाला, तेवढ्याच क्षमतेचा नवा फ्यूज बसला आणि पंप गर्जू लागला. टाकी रिती होताच तिने तो तत्काळ थांबविला, कारण कोरडा चालविल्यास रबरी चक्र जळते.

आमच्या मंडळींनी कन्येस फर्माविले, “आधी स्नान, मगच चुलीपाशी!” ते योग्यच होते. मात्र तिच्या स्नानाचे पाणीही शेवटी दुसऱ्या टाकीतच जाणार होते. शौच म्हणजे मळापासून दूर पळणे नव्हे, तर मळाची नीट व्यवस्था लावणे, हे त्या दिवशी मला उमगले.

माझ्या बालपणी आमच्या वाड्यात टोपलीचे शौचकूप होते. मागच्या बोळातून एक गृहस्थ पहाटे येई आणि डोक्यावरून मैला वाहून नेई. वाड्यात शंभर माणसे राहत. त्याचे नाव एकासही ठाऊक नव्हते. अमेरिकेत बोलाविलेला कारागीर हातमोजे घालून, हत्यारे घेऊन येतो, योग्य मोबदला घेतो आणि त्यास नावाने हाक मारतात. काम तेच, परंतु अंतर केवढे! आपल्याकडे माणसाकरवी मैला उचलविण्यास १९९३ च्या कायद्याने बंदी केली आणि २०१३ साली अधिक कडक कायदा झाला; तरीही गटारांत व मैल्याच्या टाक्यांत उतरून गुदमरणाऱ्यांच्या वार्ता आपण वाचतोच.

रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ साली अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम स्वतः करण्याची परवानगी मागितली. ती मिळेना, म्हणून त्यांनी अन्न सोडले, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यास गांधीजींनीही उपवास आरंभिला. ब्राह्मण घरात जन्मलेल्या त्या विद्वानाने जे काम हक्क म्हणून मागितले, ते माझ्या कन्येने परदेशी वाहनाखाली निजून सहज केले. त्या दिवशी वाटलेला अभिमान तिच्या पदवीदानाच्या दिवशीही मला वाटला नव्हता.

वाचकांनी पंप उघडावाच असे नाही. परंतु आपल्या घरातील मैला कोठे जातो, तो कोण काढतो आणि त्याचे नाव काय, एवढी चौकशी प्रत्येक गृहस्थाने अवश्य करावी. आणि ओल्या पुसण्या शौचकूपात टाकू नयेत, हेही जाता जाता सांगून ठेवतो.