भरलेला तोबरा

आपली मराठी भाषा घोड्याच्या पाठीवरून उतरावयास अद्यापि तयार नाही. ज्या घरात तीन पिढ्यांत कोणी रिकिबीत पाय घातला नाही, त्या घरातही आई मुलाला ‘तोबरा भरून बोलू नकोस’ म्हणून दटावते. काम अडले की घोडे नेमके कोठे पेंड खाते याचा शोध सुरू होतो. आणि मागाहून सुचलेल्या शहाणपणास ‘वरातीमागून घोडे’ हे नाव आयतेच तयार असते. प्रत्यक्ष घोडा मात्र आपल्यामधून झपाट्याने चालला आहे. २०१२ च्या पशुगणनेत सबंध देशात घोडे व तट्टे मिळून सुमारे सव्वासहा लाख भरली होती. २०१९ च्या गणनेत ती साडेतीन लाखांच्याही खाली आली. उद्या शब्द राहतील आणि जनावर नसेल, असा हा प्रकार आहे.

तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाशी बांधावयाची चंदीची पिशवी, एवढे ज्ञान मला कोशावरून होते. परंतु सकाळी भरून बांधलेला तोबरा सायंकाळी जसाच्या तसा सोडून घ्यावा लागणे म्हणजे काय, हे समजण्याचा योग उमरीत उभे आयुष्य काढल्यावर आला. आमच्या आळीच्या टोकाला एक वृद्ध घोडेवाले राहतात. सगळी आळी त्यांना चाचा म्हणते. त्यांच्या ठाणावर वरातीची एक पांढरी घोडी आणि तिचे दोन वर्षांचे शिंगरू होते. शिंगरू कुमाईत रंगाचे, अद्यापि अदंत, चारही पाय व कपाळ पांढरे. म्हणजे घोड्यांच्या पारख्यांच्या भाषेत पंचकल्याणी. मार्गशीर्षाच्या अखेरीस लोहे तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तेथील घोड्यांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. त्या बाजारात हे शिंगरू विकावयाचे आणि त्या पैशातून नातीची शिक्षणाची फी भरावयाची, हा चाचांचा बेत साऱ्या आळीला ठाऊक होता.

कार्तिकी पौर्णिमेनंतर चार दिवसांनी शिंगराने चंदी सोडली. भिजवलेले हरभरे हुंगून त्याने तोंड फिरविले, हिरवी हराळी ओठांत धरून तशीच खाली टाकली, आणि मान खाली घालून ते कोपऱ्यात उभे राहिले. गुरांच्या सरकारी दवाखान्यातील तरुण डॉक्टर आले. त्यांनी शेपटी बाजूस करून उष्णतामापक लावला, तो १०४.४ अंश दाखवू लागला. निरोगी घोड्याचे अंग साधारणपणे ९९.५ ते १०१.५ अंशांपर्यंत असते. जबड्याच्या कडेखाली बोट ठेवून नाडी मोजली, ती मिनिटास ५६ भरली. स्वस्थ उभ्या घोड्याची ती २८ ते ४४ असावयाची. “दिवसातून दोनदा ताप पाहून लिहून ठेवा,” असे सांगून डॉक्टर तो उष्णतामापक ठेवून गेले. चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, मुलगा पोटासाठी हैदराबादेस, आणि त्या इवल्याशा खिडकीतील आकडे तर वाचलेच पाहिजेत. “मास्तर, एवढं बघून देत जावा,” असे चाचा म्हणाले, आणि मी त्या शुश्रूषेत शिरलो. वाचता येणे एवढेच माझे भांडवल होते.

हे डॉक्टर उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून आलेले होते. उदगीर म्हटले की इतिहासाच्या वाचकास दुसरेच काही आठवते. १७६० च्या फेब्रुवारीत तेथे निजामाचा पराभव करून सदाशिवरावभाऊ पुढे उत्तरेकडे गेले, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे झाले ते झाले. त्या वेढ्यात दाण्यावैरणीवाचून उभ्या उभ्या खंगलेल्या घोड्यांनी मराठी फौजेचे बळ लढाईपूर्वीच हिरावून नेले होते. त्याच १७६१ साली फ्रान्सात लियोन येथे पशुवैद्यकाचे पहिले विद्यालय काढण्यास राजाज्ञा मिळाली. आपल्याकडे शालिहोत्राची परंपरा तिच्याहून किती तरी प्राचीन असली, तरी मुंबईस पशुवैद्यकाचे महाविद्यालय निघावयास १८८६ साल उजाडले. ज्या गावाचे नाव आम्ही लढाईसाठी पाठ केले, त्या गावी आज न खाणाऱ्या घोड्याकडे कसे पाहावे हे शिकवितात, ही गोष्ट मला त्या लढाईइतकीच सांगण्याजोगी वाटते.

घोड्याच्या तापाची कारणे अनेक. डांसासारख्या मोठ्या चावऱ्या माश्यांमुळे पसरणारा सर्रा हा रोग एक. त्याचा जंतू ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने १८८० मध्ये डेरा इस्माईलखान येथे शोधून काढला. परंतु सर्ऱ्यात ताप येतो-जातो, अंग झडत जाते, आणि तरीही जनावर बहुधा खात राहते. आमचे शिंगरू खात नव्हते, आणि दोन दिवसांनी त्याच्या नाकातून दाट पिवळा स्राव येऊ लागला. तेव्हा डॉक्टरांनी ग्लँडर्सचे नाव काढले. हा रोग माणसासही जडतो, आणि घोड्यास तो झाल्याचे ठरले तर कायद्याप्रमाणे त्यास मारावे लागते. २००६ मध्ये महाराष्ट्रात तो पुन्हा प्रकट झाला होता. आमच्या डॉक्टरांना त्याची फारशी शंका नव्हती, तथापि खात्री केल्यावाचून राहणे त्यांना मान्य नव्हते. नमुने हरियाणात हिसारच्या अश्व संशोधन केंद्राकडे गेले, आणि आमच्या हाती वाट पाहणे तेवढे राहिले.

त्या दिवसांत मला उमगले, की रोग्याची भूक ही एकच वस्तू शुश्रूषा करणारास देता येत नाही. औषध देता येते, पाणी पुढे करता येते, माशा वारता येतात, ऊन-वारा अडविता येतो. भूक मात्र ज्याची त्यालाच लागावी लागते. माणूस निदान ‘नको’ म्हणतो, का नको तेही सांगतो. घोडा नुसता उभा राहतो. त्यातही घोड्याचे पोट विलक्षण. एवढ्या थोर देहात जठर लहानसे, म्हणून दिवसाचा बहुतेक वेळ थोडे थोडे चरत राहणे हाच त्याचा धर्म. चरणे थांबले की आतडी मंदावतात. त्याच्या कुशीला कान लावला असता निरोगी स्थितीत दूरवर ढग गडगडल्यासारखा आवाज येतो. मी रोज कान लावीत असे. काही दिवस तो गडगडाट इतका क्षीण झाला होता की मला माझ्याच श्वासाचा आवाज अधिक ऐकू येई. किती लीद पडली आणि बादलीतील पाणी किती उतरले, हे मी तापाच्या आकड्यांशेजारी लिहू लागलो.

आळीतील मंडळींना हे लिहिणे म्हणजे हात बांधून बसणे वाटे. एकाने गूळ, सुंठ आणि ओवा यांचा काढा बांबूच्या नळकांड्याने घशात ओतावयाचा आग्रह धरला. आग्रह मायेचाच होता. जुन्या पागांत हा उपचार नित्याचा असे. परंतु ज्याचा घसा सुजला आहे त्याने घोट नीट न गिळल्यास औषध फुप्फुसात उतरते आणि नवेच दुखणे उभे राहते. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही; आत गेलेले परत काढण्याची सोय निसर्गाने त्याला ठेवलेली नाही. चाचांनी नळकांडे हातात घेतले, शिंगराच्या गळ्यावरून हात फिरविला आणि ते भिंतीला टेकवून ठेवले. “गिळवत नाही त्याला. पाजायचं कसं?” एवढेच ते बोलले. काही न करण्यास जे धैर्य लागते, ते करण्याच्या धैर्याहून कमी प्रतीचे आहे असे मला आता वाटत नाही.

आठव्या दिवशी जबड्याखाली लिंबाएवढी गाठ दिसली. हिसारचे उत्तर आले, ग्लँडर्स नव्हता. डॉक्टरांनी या दुखण्याचे इंग्रजी नाव स्ट्रँगल्स असे सांगितले. त्याचा अर्थ गळा आवळणारा. एका जातीच्या जंतूंमुळे, विशेषतः कोवळ्या वयाच्या घोड्यांना, तो होतो. दिवाळीनंतर पाहुणा म्हणून आलेला एक घोडा दोन रात्री याच ठाणावर बांधला होता आणि याच हौदावर पाणी प्याला होता. रोग बहुधा त्याच वाटेने आला. शिंगराला आईपासून तोडून परसाच्या पलीकडल्या टोकाला लिंबाखाली बांधले होते, ते योग्यच ठरले. त्याची बादली, दोर, खरारा सगळे निराळे. आधी घोडीचे करावयाचे, मग शिंगराचे, मग साबणाने हात धुवावयाचे, हा नेम झाला. घोडीचाही ताप मी रोज पाहत असे, कारण या रोगात नाकातून संसर्ग बाहेर पडू लागण्याच्या दोन-तीन दिवस आधी ताप चढतो. तेवढे दिवस हाती असले तर दुसरे जनावर वेळीच निराळे करता येते. तिला ताप आला नाही. मात्र रात्री ती खिंकाळे, आणि पलीकडून घोगरे, तुटके उत्तर येई.

गाठीला दिवसातून तीनदा ऊन पाण्याच्या फडक्याने शेक द्यावयाचा, ती पिकू द्यावयाची. बाराव्या दिवशी डॉक्टरांनी ती फोडली. वाटीभर पू गेला. त्या सायंकाळी उष्णतामापकाने १०१.२ दाखविले. दुसऱ्या दिवशी भिजवून मऊ केलेला गव्हाचा कोंडा त्याने दोनदा चाटला, तिसऱ्या दिवशी लसूणघासाच्या दोन मुठी खाल्ल्या. चंदी मात्र आठवडाभर हळूहळूच वाढवावयाची होती. उपाशी पोटावर एकदम धान्य घातले तर पोटशूळ उठतो आणि खुरेही बिघडतात. महिना भरायच्या आत शिंगराची कातडी चमकू लागली, आणि जबड्याखाली केसांनी झाकणारा एक वण तेवढा राहिला.

आणि घोडे खरोखर पेंड खाऊ लागले ते येथेच! माळेगावची यात्रा चार दिवसांवर आली होती. शिंगरू पाहणाऱ्याला निरोगी दिसत होते, चाचांना पैशाची निकड होती, आणि पंचकल्याणी जनावरास माळेगावसारखे गिऱ्हाईक अन्यत्र मिळत नाही. डॉक्टरांचे म्हणणे असे, की बरे दिसणारे घोडेही पुढे कित्येक आठवडे हा रोग पसरवू शकते. आठवड्याच्या अंतराने तीनदा नमुने निर्दोष आल्याखेरीज त्याला इतर घोड्यांत नेऊ नये. शेजारी म्हणत, “तिथं हजार घोडी येतात, कुणाचं कुणाला लागलं, कोण विचारतो?” हिशेब म्हणून हे बोलणे खोटे नव्हते. तेथे कोणी विचारले नसते.

चाचांनी रात्रभर विचार केला असावा. सकाळी मी वही घेऊन गेलो तेव्हा ते शिंगराला खरारा करीत होते. “मास्तर, मल्लूखानाच्या दारी आजाराचं जनावर न्यायचं नाही,” ते म्हणाले. खंडोबाला मल्लूखान हेही एक नाव आहे. “माझं वाचलं. दुसऱ्याचं पडलं तर त्याच्या घरात पण कुणाची तरी फी असंलच की.” एवढे बोलून त्यांनी मला ताप पाहावयास सांगितले. शंभर अंश होता.

यात्रा आली आणि गेली. नातीची पहिली फी घोडीच्या वरातींच्या आगाऊ घेतलेल्या पैशांतून आणि उरलेली उसनवारीने भरली गेली. तिन्ही नमुने निर्दोष आल्यावर फाल्गुनात धर्माबादेकडील एका घोडेवाल्याने शिंगरू घेतले. यात्रेत आले असते त्याहून पैसे बरेच कमी आले, कारण चाचांनी दुखण्याची हकीकत आपण होऊन सांगितली आणि वण केस बाजूला सारून दाखविला. एवढ्यावर न थांबता त्यांनी माझ्याकडून ती वहीही मागून घेतली आणि दावे हातात देताना गिऱ्हाइकाच्या स्वाधीन केली. “याचा सगळा ताप यात लिहिलेला आहे,” ते म्हणाले, “पुढं कधी खाईनासं झालं तर उघडून बघा.”